स्त्री, वय एकावन्न

सेटजींना सेटजी म्हणतात ते काही त्यांच्याकडे गडगंज पैसा आहे म्हणून नव्हे. शेठजीपणाची एकही खूण त्यांच्या अंगावर कुणाला सापडायची नाही. एकाच शब्दामागे माणूस अकरा वर्षं लागला, आणि तो शब्द होता 'सेट', म्हणून सेटजी. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी गमतीनं ठेवलेलं नाव, पण चिकटलं ते असं चिकटलं की हजेरीचं पुस्तक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. ते खरं नाव छापून यायची एक जागा मात्र ठरलेली होती. त्या जागेपायीच हे सगळं झालं.

ऑफिस कोशाचं. आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसलेले, पाय पसरलेले आणि आता हलायचं नाव न घेणारे जे इंग्रजी शब्द, त्यांचा कोश. तिसरा मजला, अरुंद जिना, दोन खोल्या, आणि भिंतींना लागून लाकडी खणांची कपाटं. खणांत चिठ्ठ्या. चिठ्ठी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची: वर शब्द, मध्ये वाक्य जसं कानावर पडलं तसं, खाली बोलणारा कोण ते. बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. स्त्री की पुरुष, वय आणि एखादा शब्द, एवढंच. उजव्या कोपऱ्यात टिपणाऱ्याची खूण. कुणाचा त्रिकोण, कुणाची चांदणी, सेटजींचा मासे धरायचा गळ.

नियम तीन. वाक्य घडवायचं नाही, ऐकायचं. काम पुरं झालं की चिठ्ठ्या स्वच्छ अक्षरात उतरवून छापखान्यात द्यायच्या आणि जुन्या रद्दीत घालायच्या, कारण दोन खोल्यांत किती कागद कोंबणार. आणि तिसरा नियम, ज्यावर सगळे जीव टाकायचे: ज्या शब्दाची नोंद एका पानाहून मोठी होईल, त्या नोंदीखाली ती करणाऱ्याचं नाव छापायचं. कोश लाख शब्दांचा असला तरी अशा नोंदी मोजून साठ-सत्तर.

शब्दांची वाटणी मुख्य संपादक बाईंनी केली तेव्हा 'सेट' कुणी मागितलाच नाही. "दोन अक्षरांचा शब्द, अर्ध्या पानात आटपेल," असं म्हणून बाईंनी तो सेटजींच्या ढिगात टाकला. सेटजींनाही तेच वाटलं होतं.

घरी पुढच्या खोलीत बायकोचं पार्लर. एक फिरती खुर्ची, एक आरसा, केस वाळवायचं यंत्र आणि दिवसभर बायकांचा राबता. त्या दिवशी दुपारी जेवायला बसले तर बायकोनं महिनाभर चाललेलं तेच पालुपद पुन्हा लावलं. "अहो, माझ्या धाकट्याला कुठंतरी सेट करा ना. घरी बसून कुजतोय पोरगा." सेटजींचा घास हातातच राहिला. हेच वाक्य त्यांनी दहादा ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं खिशातून कोरी चिठ्ठी काढली.

"मी इथं भावासाठी जीव काढतेय आणि तुम्ही चिठ्ठी लिहिताय?"

"नवीन अर्थ आहे," सेटजी म्हणाले. खाली लिहिलं: स्त्री, वय चाळीस, पार्लर.

ती पहिली चिठ्ठी. आणि हे सांगायलाच हवं की नुसती चिठ्ठी लिहून ते थांबले नाहीत. मुख्य बाईंच्या मागे लागून लागून त्यांनी मेहुण्याला ऑफिसात चिकटवला. वाक्य कसं टिपायचं, बोलणाऱ्याला कळू न देता कसं टिपायचं, अर्थ वेगळा कधी धरायचा आणि तोच कधी म्हणायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. मेहुणा हुशार होता, अक्षर मोत्यासारखं, बोलणं लाघवी. ऑफिसात दाजी, दाजी करत मागे फिरायचा. टायपिस्ट बाई म्हणायच्या, "सेटजी, शेपूट फुटलंय तुम्हाला." सेटजींना त्यातही कौतुकच वाटायचं.

अर्धं पान कसलं न् काय. शब्दानं हातपाय पसरले. कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट हे तर कुणीही सांगेल. पण समोरच्या घराला गिलावा करणारा मिस्त्री ओरडला, "सेट होऊ द्या, बोट लावाल तर याद राखा," तो वेगळा. हाड सेट झालं तो वेगळा, दही सेट झालं तो वेगळा. गजर सेट केला, पेपर सेट केला, दंड फुगवणाऱ्यानं अजून एक सेट मारला. पार्लरच्या खुर्चीतली एक बाई फोनवर म्हणाली, "त्याचं बाहेर सेट आहे म्हणे," तो तर फारच वेगळा. शेजारची सासू म्हणाली, सून अजून घरात सेट नाही. सून म्हणाली, आज माझं डोकं सेट नाही. एकाच दिवशी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी दोन चिठ्ठ्या.

यातले निम्मे अर्थ बायकोनं आणलेले. सेटजी ऑफिसातून आले की ती दारातच सांगायची, "आज एक पकडलाय, पण चहा करून दिलात तरच सांगीन." चहा करावा लागायचा. कधी जुनाच अर्थ निघायचा आणि चहा फुकट जायचा. मग दोघं भांडायची. केस सेट करणं आणि चेहऱ्यावर मेकअप सेट होणं हे एकच की दोन, यावर त्यांचा आठवडाभर अबोला होता. शेवटी सेटजींनी दोन धरले. ती चूक नव्हतीच, पण धरले नसते तर जेवण मिळालं नसतं हेही खरं.

तिसावा अर्थ नोंदला तेव्हा ती म्हणाली, "आता खाली माझंही नाव घाला."

"नियमात बसत नाही गं."

"तुमचं येणार ना पण?"

"येणार की. आठ पानं भरतायत."

"मग माझंच आलं," ती म्हणाली आणि खुर्चीतल्या बाईच्या केसांकडे वळली. त्या दिवसापासून ते नाव सेटजींना नुसतं आपलं वाटेना.

मग ती आजारी पडली. आजाराचं काय सांगायचं, आजार सगळीकडे सारखाच असतो. चार महिने हॉस्पिटल, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि ते का म्हटलं हे कुणी विचारलं नाही. चार महिन्यांत मेहुणा दोनदा आला, दोन्ही वेळा वॉर्डाच्या दाराशी उभा राहून परत गेला. "दाजी, मला तो वास सहन होत नाही हो," म्हणाला. सेटजींनी तेही समजून घेतलं. ती मात्र दोन्ही वेळा दाराकडे बघत राहिली होती.

पुढच्या खोलीत आरशासमोरची खुर्ची हलवून तिथं पलंग टाकला. एका दुपारी सेटजी तिच्या पाठीखाली हात घालून तिला जरा वर घेत होते. उशी अशी ठेव, तशी ठेव, मानेखाली घडी घाल. काही केल्या जमेना, आणि एकदाचं जमलं. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "आता नका हलवू मला. मी सेट झालेय."

सेटजींचा हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिथंच थिजला. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण तिनं एक डोळा उघडून पाहिलं होतं. "लिहा, लिहा," ती म्हणाली, "हा नवीन आहे. कितवा?"

"चौतिसावा."

"चहा राहिला तुमच्याकडे."

दोन दिवसांनी ती गेली. चिठ्ठीवर सेटजींनी लिहिलं होतं: स्त्री, वय एकावन्न, आजारी. पार्लर लिहायला हात उचलला नाही, कारण पार्लर तेव्हा उरलंच नव्हतं.

त्यानंतर सेटजींचं चित्त काही दिवस खरंच ठिकाणावर नव्हतं. ऑफिसात यायचे, खण उघडायचे, बंद करायचे. त्यातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनं एकामागून एक, दोन महिने रजा, वाचायचं नाही, लिहायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच छापखान्याची मुदत आली. मेहुणा घरी आला, पायाशी बसला. "दाजी, तुम्ही डोळे सांभाळा. सेट मी उतरवून देतो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे." सेटजींनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तो पार्लरमधल्या केसांच्या लाल फितीनं बांधलेला होता. फितीसकट त्याच्या हातात दिला. घरचाच माणूस. घरच्या माणसाकडून कुणी पावती घेतं का?

कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडे करायची, म्हणतात. सेटजींना तर शेत खाल्लं गेलंय हेच दोन महिने कळलं नाही. काळा चष्मा लावून ते पहिल्या दिवशी ऑफिसात आले त्याच दिवशी बांधणीवाल्याकडून कोशाचा पहिला गठ्ठा आला. नव्या कागदाचा आणि खळीचा वास. सगळ्यांनी आपापले शब्द शोधले. सेटजींनी शेवटचा खंड मांडीवर घेतला. आठ पानं होती, चौतीस अर्थ होते. शेवटच्या ओळीखाली उजवीकडे नाव होतं. मेहुण्याचं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. नव्या डोळ्यांवर त्यांचा अजून भरवसा बसला नव्हता. पुन्हा वाचलं. मग पहिल्या अर्थापासून नोंद वाचायला घेतली, एकेक ओळीवर बोट ठेवून, आणि शेवटच्या अर्थापर्यंत वाचून काढली.

मेहुणा पाण्याच्या पिंपाशी सापडला. तो जराही गडबडला नाही, हे जास्त लागलं. "नियमानंच झालं, दाजी. उतरवलेल्या चिठ्ठ्यांवर माझी खूण होती."

"माझी खूण का नाही टाकलीस?"

"उपसंपादकाची जागा निघाली होती. ज्याच्या नावावर एक मोठी नोंद त्यालाच ती मिळणार होती." त्यानं पेला पालथा घातला. "तुम्ही आता वर्षभरात घरी बसणार. तुम्हाला नाव घेऊन काय करायचंय? घरातल्या घरातच तर राहिलं."

आयत्या बिळावर नागोबा होतात तेही निदान फुत्कारतात. हा हसून बोलत होता. सेटजी आयुष्यात कुणावर आवाज चढवून बोललेले नव्हते. आताही चढवला नाही. पुस्तक काखेत मारलं आणि त्याला म्हणाले, "चल बाईंकडे."

मुख्य बाईंचं टेबल खिडकीपाशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला, पण वेगळ्याच कारणानं. "सेटजी, मला वाटलं तुम्हाला हे ठाऊक आहे. यांनी मला सांगितलं, की पत्नी गेल्यावर तुमचं कामात लक्ष राहिलं नव्हतं. चिठ्ठ्या अर्धवट होत्या, खाडाखोड होती. म्हणून त्या बाजूला ठेवून यांनी सगळं नव्यानं गोळा केलं. तुम्ही खण उघडून नुसते बसून राहायचात, ते मी पाहत होते. मला पटलं."

म्हणजे नाव घेतलं ते घेतलंच, वर त्यांचं दुःखही कामाला लावलं होतं. ज्या दिवसांत सेटजी बायकोसाठी रडत होते ते दिवस मेहुण्यानं साक्षीला उभे केले होते.  

"जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"रद्दीत," मेहुणा म्हणाला. "नियमच आहे."

"मग माझ्यापुढे याच." बाईंनी छापखान्यातून परत आलेला चिठ्ठ्यांचा डबा पुढे ओढला. मोत्यासारखं अक्षर, कोपऱ्यात मेहुण्याची खूण. "तुमच्याकडे काही आहे का, सेटजी? कागद, वही, काहीही?"

सेटजींकडे काही नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी नियम पाळले होते. ते म्हणाले, "चौतिसावी काढा, बाई. मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचली. "आता नका हलवू मला. मी सेट झालेय. स्त्री, वय एकावन्न, आजारी."

"ही तू कुठं ऐकलीस?" सेटजींनी मेहुण्याला विचारलं.

"हॉस्पिटलात." क्षणभरही अडखळला नाही. "जनरल वॉर्डात एक पेशंट होती. नर्स तिला कुशीवर वळवत होती तेव्हा म्हणाली. मी शेजारच्या पलंगापाशी होतो."

"कशी होती दिसायला?"

"आता कोण लक्षात ठेवतं, दाजी. असेल कुणीतरी बाई."

सेटजी त्याच्याकडे बघत राहिले.  मग अगदी हळू विचारलं, "तुझी ताई गेली तेव्हा तिचं वय काय होतं रे?"

"ताईचं? पन्नास... एक्का..." मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं बाईंच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, ती आपल्याच अक्षरातली चिठ्ठी, आणि पहिल्यांदा वाचावी तशी ती वाचली.

"नर्स नव्हती," सेटजी म्हणाले. "माझे हात होते. वॉर्डात नाही, घरी. तू आला नव्हतास."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टायपिस्ट बाईंचं टायपिंग केव्हाच थांबलेलं होतं.

"आता पहिली काढा," सेटजी म्हणाले. बाईंनी काढली. नोकरीला लावणं, असा अर्थ. खाली कुठल्याशा भाच्याला सेट केल्याचं एक गुळगुळीत वाक्य, ऐकलेलं नव्हे, घडवलेलं. "इथं माझी चिठ्ठी होती ती अशी: माझ्या धाकट्याला कुठंतरी सेट करा ना. स्त्री, वय चाळीस, पार्लर. चौतिसातली ही एकच बदललीय, बाई. बाकीच्या काना-मात्रेसकट उतरवल्यात. ही त्याला बरोबर कळली, कुणाची आणि कुणाबद्दल ते."

 

मुख्य बाईंनी बराच वेळ डब्याचं झाकण लावलं आणि उघडलं. मग म्हणाल्या, प्रती बांधून झाल्या आहेत, पान बदलता यायचं नाही. पण प्रत्येक प्रतीत त्या जागी खऱ्या नावाची चिठ्ठी चिकटवू, आणि पुढच्या आवृत्तीत छापू. उपसंपादकाच्या जागेचं आपण पाहू. "चालेल ना, सेटजी? की राहू द्यायचं म्हणता?"

सेटजींच्या जागी दुसरा कुणी असता तर मोठेपणा दाखवून राहू द्या म्हणाला असता, लोकांनी वा वा केलं असतं. "नाही," सेटजी म्हणाले. "चिकटवा. एकही प्रत सोडू नका. ते नाव माझ्या एकट्याचं नाही."

ते जिन्यापाशी आले तसा मेहुणा मागून आला.  "दाजी, नावाचं मी चुकलो. पण शपथेवर सांगतो, ती ताई आहे हे मला खरंच कळलं नाही."

"ठाऊक आहे," सेटजी म्हणाले. "नावाचं मी एखादवेळी विसरलोही असतो. तू तिचं वाक्य हातानं लिहून काढलंस आणि तुला ती ऐकू आली नाही. हे कसं विसरू?"

मेहुणा कठड्याला धरून उभा राहिला. मग जे म्हणाला ते त्यानं म्हणायला नको होतं, पण माणूस घाबरला की जे आत असतं तेच बाहेर येतं. "बाईंना तुम्ही एक शब्द सांगा ना. ही नोकरी गेली तर मी कुठं जाऊ?"

सेटजी दोन पायऱ्या उतरले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"तुला सेट करा म्हणून माझ्यामागे लागणारी गेली," ते म्हणाले. आणि काळा चष्मा नीट बसवून, कठडा धरून, एकेक पायरी बघत खाली उतरू लागले.